गरम कपाटातले बारा

...नाही, पण मला सांगा, घरात एकच उबदार कपाट आहे, एकच, आणि त्यात काय ठेवायचं? पोरीचे शाळेचे ओले मोजे, की गांजाच्या फांद्या? साधा प्रश्न आहे. जुलै महिन्यात वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमध्ये कुणालाही विचारा, पोस्टमनला विचारा, डेअरीवर दूध विकणाऱ्याला विचारा, मोजेच म्हणेल. फक्त आमच्या विभावरीच्या नवऱ्याला विचारू नका.

तुम्हाला सांगते, जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं, मागच्या अंगणातल्या दोरीवर रात्री विसरलेली पँट सकाळी काढायला जावं तर ती पापडासारखी कडक, हातात धरून उभी करता येते. घर भाड्याचं, जुनं, लाकडी. ऊब म्हणाल तर बैठकीतला एक हीट पंप आणि दुसरं ते हॉट वॉटर कपाट. तिकडच्या घरांत असतंच ते. खाली गरम पाण्याची टाकी, वर पट्ट्यापट्ट्यांच्या फळ्या, दार लावलं की आत चैत्र. सगळा देश त्यात कपडे वाळवतो. विभावरीही वाळवायची... म्हणजे २०१६ च्या जुलैपर्यंत.

ही विभावरी मूळची शहाद्याची, पुण्यात इंजिनियर झालेली, आता अप्पर हटमधल्या एका कंपनीत सांडपाण्याच्या नळांची आखणी करते. नवरा श्रीनाथ, सॉफ्टवेअरवाला, रोज ट्रेनने वेलिंग्टनला. मुलगी श्रिया, आठ वर्षांची, तिला मराठीत विचारलं की ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. आणि मे महिन्यापासून सहा महिन्यांसाठी आलेल्या विभावरीच्या आई, वनिताबाई. एवढीच माणसं. आणि बारा रोपं.

झालं असं की मार्चमध्ये श्रीनाथने व्यायामाला ट्रेडमिल आणली आणि तिचा खोका गाडीतून उतरवताना त्याच्या पाठीतली चकती सरकली. व्यायाम तिथेच संपला. खोका अजून गॅरेजमध्ये आहे, उघडलेलासुद्धा नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्याला दिवसभर झोप यायची. तर ऑफिसातला कुणी क्रेग, त्याने सांगितलं, अरे, एक झाड लाव, सगळं नॅचरल आहे, आणि एक रोप बाजाराच्या पिशवीत घालून दिलंही. आणि आमचे हे विद्वान, दोन डिग्र्यांवाले, ते रोप मांडीवर घेऊन, त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवून, भर गर्दीच्या ट्रेनने घरी आले. तिथे एक झाड लावणं हासुद्धा गुन्हा आहे, हे त्याला ठाऊक होतं. टोपी म्हणूनच घातली होती म्हणे.

आता मला एक सांगा, या माणसाचा झाडाशी संबंध काय? विभावरीने ऑकलंडहून कढीपत्त्याचं रोप आणलं होतं, थंडीत जगत नाही म्हणून विमानात कुशीत धरून. ती पंधरा दिवस पुण्याला गेली तेव्हा याला एकच काम सांगितलं होतं, आठवड्यातून दोनदा पाणी घाल. आली तर कुंडीत काडी. म्हणाला, मला वाटलं ते झोपलंय, हिवाळ्यात झोपतात ना झाडं. तो माणूस हा.

पण गांजाचं झाड म्हटल्यावर बघा. गॅरेजमध्ये ट्रेडमिलच्या खोक्यामागे दिवा लागला, पंखा लागला, घड्याळ लागलं. पहाटे उठून बघायला जायचा. श्रिया तान्ही असताना ती रडली तर हा कुशीवर वळायचा, तुम्हाला सांगते. विभावरीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हे काढ. पाठ बरी होईपर्यंत, म्हणाला. तो खरंच कण्हायचा रात्रंदिवस, म्हणून ती गप्प बसली. तिथे चुकली.

कारण जूनमध्ये त्याला क्लोनिंग कळलं. म्हणजे काय, तर झाडाची फांदी कापायची, तिला मुळं फोडायची, की मूळ झाडाची हुबेहूब प्रत तयार. आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासून गुलाबाच्या काड्या लावतात, कुणी भाषण नाही करत. हा जेवताना बोटं हलवत सांगायचा, विभा, शंभर टक्के तेच गुण, एकही फरक नाही, एक उत्तम झाड मिळालं की बस. आणि बारा फांद्या आइस्क्रीमच्या डब्यांत खोचून, वर विभावरीच्या ढोकळ्याच्या भांड्यांची काचेची झाकणं ठेवून, इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेऊन, स्वारी गेली ती थेट हॉट वॉटर कपाटात. त्यांना ऊब लागते म्हणाला.

आणि कपडे? ओलेच.

चादरी दारांवर, टॉवेल खुर्च्यांवर, श्रियाचे पोहण्याचे टॉग्ज हीट पंपसमोर काठीला टांगलेले. घरभर कुबट वास. सकाळी शाळेला निघताना विभावरी केस वाळवायच्या मशीनने मोजे वाळवते आहे, एका हाताने डबा भरते आहे, आणि हा कपाटाचं दार बोटभर उघडून आत फवारा मारतोय, फुस्, फुस्, आणि म्हणतोय, दार जोरात लावू नका हं, त्यांना धक्का बसतो. पोरगी ओल्या मोज्यांत चाललीय, तिला नाही बसत धक्का?

एके दिवशी संध्याकाळी तो एक डबा घेऊन स्वयंपाकघरात आला. डब्याच्या तळाशी दोऱ्यासारखी पांढरी मुळं आली होती ती दाखवली, आणि त्याचे डोळे भरले होते. श्रिया झाली तेव्हा हा दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये क्लायंटशी बोलत होता, नर्सने खांद्याला हात लावून आत आणला होता. विभावरीने मुळांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि पोळी उलटली.

वनिताबाई या सगळ्यात काय करत होत्या? काही नाही. जावयाला काय बोलायचं? त्यांनी तो विषयच काढला नाही. ओल्या कपड्यांची टोपली घेऊन घरात ऊन शोधत फिरायच्या, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. त्यांना कळलंय की नाही हेसुद्धा कुणाला कळलं नव्हतं. श्रीनाथने त्यांना सांगून ठेवलं होतं की टोमॅटो आहेत.

मग आलं पत्र. घरमालकाच्या एजन्सीची बाई, लीअ‍ॅन, गुरुवारी अकरा वाजता घर तपासायला येणार. सगळ्या खोल्या, गॅरेज, कपाटं. इकडे यांचा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला, त्यात पोलिसांकडची चौकशी, चांगल्या वर्तणुकीचा रकाना, खाली दोघांच्या सह्या. विभावरीला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिने त्याला सांगितलं, आज रात्रीच टाकून दे. तर तो म्हणाला, मुळं फुटल्यावर कसं टाकणार? जसं काही तिने पोर टाकायला सांगितलं होतं.

शेवटी गुरुवारी त्याने पाठदुखीची रजा टाकली, बारा डबे गाडीच्या डिकीत, मोठं झाड शेजारच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट, वरून विभावरीचा रेनकोट, आणि गेला निघून. श्रिया शाळेत, घरी राहिल्या विभावरी आणि वनिताबाई, दोघी मायलेकी. विभावरीने कपाट पुसलं, खिडक्या उघडल्या, तरी तो वास जाईना. हिरवट, उग्र, चिकट. पावणेअकरा झाले. आणि तेवढ्यात वनिताबाईंनी शांतपणे कढई ठेवली, तिच्यात सुकं खोबरं टाकलं, लाल मिरच्या टाकल्या, मूठमूठभर, आणि खानदेशी काळ्या मसाल्यासाठी भाजायला घेतल्या. खिडक्या मात्र आधी सगळ्या लावून घेतल्या.

लीअ‍ॅन आली, किया ओरा म्हणाली, म्हणजे तिकडचा नमस्कार, आणि दुसरा शब्द तिच्या तोंडून निघालाच नाही. खोकला. डोळ्यांतून धारा. ती कपाटापाशी आली, दार उघडलं, आत डोकं घातलं, शिंकली, बाहेर आली. गॅरेजमध्ये दारातूनच टॉर्च फिरवला. एवढ्यात धुराचा अलार्म वाजायला लागला तशी तिने कागदावर टिक केली की अलार्म चालू आहे, चांगलं आहे. बाकी खिडक्यांवर ओल धरलीय, कपडे घरात वाळवू नका, एवढं लिहिलं आणि सहा मिनिटांत गाडीत जाऊन बसली. विभावरीने वळून आईकडे पाहिलं. आई मिरच्या परतत होती. टोमॅटो म्हणे.

इकडे श्रीनाथ कुठे? स्टेशनच्या पार्किंगमध्ये. दोन तास. काचा बंद, सगळं वाफेनं धुरकटलेलं, पाठ आखडलेली, म्हणून हा स्टिअरिंगवर डोकं टेकून कण्हत बसलेला. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी काच ठोठावली. त्यांना वाटलं, माणूस जिवाला कंटाळलाय. त्यांनी त्याला अशा माणसांच्या मदतीचा एक फोन नंबर दिला, एक मफिन दिला, आणि शेजारी रेनकोट घालून बसलेल्या बाईंनाही काही हवं का, असं विचारलं. तो म्हणाला, नको, ती झोपलीय.

तुम्हाला सांगते, एवढं झाल्यावर माणसाने काय करावं? कुठेतरी टाकून मोकळ्या हाताने घरी यावं. हा एक वाजता सगळं परत घेऊन आला.

गॅरेजच्या दारात विभावरी उभी होती. हात आडवा. ओरडली नाही ती. तिने एवढंच सांगितलं, "मी आज त्या बाईसमोर खोटेपणा करत उभी राहिले. परत नाही राहणार. हे आत आलं तर मी आणि श्रिया बाहेर."

त्याने झाड खाली ठेवलं. वाकताना तोंड वेडंवाकडं झालं त्याचं. म्हणाला, "विभा, मार्चपासून मला काही जमलेलं नाही. पोरीला उचलता येत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही. ही बारा माझ्या हातानं जगली गं."

आणि खोटं नाही सांगत, तेवढ्या क्षणी विभावरीचा हात थोडा खाली आला. तो कण्हायचा ते तिनेही ऐकलं होतं. नाडी रोज सकाळी तीच बांधत होती.

तेवढ्यात मागून वनिताबाई आल्या, कमरेवर ओल्या कपड्यांची टोपली. त्यांनी ते मोठं झाड उजेडात पहिल्यांदाच पाहिलं. टोपली ठेवली, खाली बसल्या, चष्मा वर केला आणि एका फांदीच्या बेचक्यातला बारीक घोस बोटावर घेतला. श्रीनाथ मोठ्या उत्साहाने म्हणाला, कळ्या आल्यात आई, मागच्याच आठवड्यात.

"श्रीनाथराव," त्या म्हणाल्या, "हा नर आहे."

त्याला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, अगदी अदबीने, जावयाचा मान राखून. त्यांच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे पपईच्या बागा. रोप लहान असताना नर की मादी सांगता येत नाही, फुलावर आलं की कळतं. नराला असे पोकळ घोस लोंबतात. परागाची पिठी उडते, संपलं. लोक ज्याच्यासाठी हे झाड लावतात ते मादीला येतं. आणि फांद्या याच्याच असतील तर ती बाराही नरच.

श्रीनाथने फोन काढला. नर झाडाचा फोटो शोधला, झाड पाहिलं, परत फोटो पाहिला. मग हळूच ट्रेडमिलच्या खोक्यावर बसला. महिनोन्‌महिने पहाटे उठला होता माणूस. गुन्हा केला, बायकोला खोट्यात उभं केलं, पोरीला ओल्या मोज्यांत शाळेत पाठवलं, आणि शंभर टक्के तेच गुण, एकही फरक नाही, अशा बारा निरुपयोगी नरांच्या हुबेहूब प्रती काढल्या. जन्मात पहिल्यांदा काही वाढवलं, तर नेमकं स्वतःसारखं.

विभावरीला हसू फुटलं. ती आवरायला गेली, आवरेना, दाराला टेकून डोळे पुसत हसली. तो नाही हसला. पण कात्री त्यानेच मागितली. एकेक करून बाराही त्यानेच कापली, मोठंही कापलं, वनिताबाईंनी पिशवीचं तोंड धरलं, वरून दोन दिवसांचा ओला कचरा आणि चहाचा चोथा. ढोकळ्याची झाकणं विभावरीने तीनदा घासली.

आणि कपडे? तासाभरात कपाट गच्च. संध्याकाळी दार उघडलं तर सगळं गरम, करकरीत, मोजेसुद्धा. मायलेकी बैठकीत घड्या घालत बसल्या. समोर हीट पंपसमोर श्रीनाथ पालथा पडला होता आणि श्रिया त्याच्या पाठीवर अनवाणी चालत होती, हात पसरून, इंग्लिशमध्ये पावलं मोजत, आणि तो प्रत्येक पावलाला विव्हळत होता, पण थांब म्हणत नव्हता.

विभावरीने टॉवेल झटकला आणि विचारलं, "आई, आपल्या बागेत नर झाडं निघाली की सगळी उपटूनच टाकतात ना?"

वनिताबाई मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. त्यांनी एकदा जावयाकडे बघितलं. "सगळी नाही गं. शंभरात पाच-सहा ठेवावी लागतात. पराग लागतो ना."

विभावरीने त्या पालथ्या माणसाकडे पाहिलं.

मग काय... ठेवला.