अंकुशले दिसलं नाही पाहिजे

धम्मानंद : मी म्हणतो, डाय लावूच नोको. डॉक्टरनं साफ सांगितलं ना? काल कानामागं जराशी लावून पाह्यली, तं तोंड पाह्य कसं सुजलं तुह्यं. डोळा उघडून नाही राहिला.

सरिता : सुजू द्या. आता काय लगन लावायचं आहे का माह्यं? द्या वाटी इकडे. पोरगा उठाच्या आंधी भांग तरी काळा करू द्या.

धम्मानंद : अन् मागच्या वेळी दम लागला, ते? श्वासच बंद झाला तं काय करू मी?

सरिता : अन् अंकुश भेला तं? लॉकडाऊनमधी तुमी डाय नव्हती लावली, तवा काय झालं होतं? सख्ख्या बापाले पाहून सरपटत पलंगाखाली घुसला. "हा बुढा कोण आहे? बाबाले बोलवा." तुमच्या हातचा घास घेतला नाही त्यानं. एवढा दाढीमिशीचा पोरगा, पण चार वर्साच्या लेकरावानी थरथर कापत होता. इसरले?

धम्मानंद : कसा इसरन वं? तवापासून आपुन दोघंबी म्हातारे झालोच नाही. हिंगण्याच्या कंपनीतून रिटायर झालो, तं पोट्टे म्हणे, "काका, तुमी तं हिरोच दिसता!" मागच्या हप्त्यात शेजारचा गौरांग मोबाइल दाखवून राहिला होता. पुढं माणसं म्हातारीच होणार नाही, मरणारबी नाही म्हणे. मले विचारते, "काका, अशा दुनियेची कल्पना तरी होते का?" मनात म्हटलं, ये बाबू आमच्या घरी, पाहून जा.

सरिता : मी केली कल्पना.

धम्मानंद : कवा?

सरिता : परवा अंकुशले उचलता उचलता कमरेत चमक भरली ना, तवा. म्हटलं, तशी दुनिया असती तं बरं झालं असतं. कंबर गेली नसती. माह्या मागं याचं कसं, हे भेवच नसतं. लय गोड वाटलं थोडा वेळ. खरं सांगते.

धम्मानंद : मंग?

सरिता : मंग अजून पुढचं पाहत गेली. मी अशीच. तो असाच. उचला, चारा, पुसा, निजवा. अन् कधी सरतच नाही. तुमी सरत नाही, मी सरत नाही, तो सरत नाही. याच्या आंधी मरायचं भेव वाटते. अन् मरायचंच नाही म्हटलं, तं त्याहून जास्त वाटते. आई आहो का कोण आहो मी?

धम्मानंद : आईच आहे. थकली आहे.

सरिता : मले रडवू नोका. वाटी द्या.

धम्मानंद : नाही देत. भंतेजी विहारात सांगत होते ना, बापानं पोराच्या रस्त्यात म्हातारा माणूस येऊ दिला नाही म्हणून? राजा होता तो. शिपाई होते त्याच्यापाशी. तरी पोराले दिसलाच. आपल्यापाशी काय आहे, डायची एक पुडी!

सरिता : त्यानं मले ओळखलं नाही तं? बाकी सारं सोसलं मी. हे नाही सोसल्या जाणार.

धम्मानंद : चूप. उठला वाटते.

(अंकुश सरपटत दारापाशी येतो. सरिता घाईघाईनं पदर डोक्यावर ओढते.)

अंकुश : आई, पदर काढ.

सरिता : काहून रे राजा? थंडी वाजून राहिली मले.

अंकुश : काढ ना.

सरिता : अहो, न्या ना त्याले तिकडे! पोहे द्या त्याले.

धम्मानंद : पाहू दे त्याले, सरिता. किती दिवस लपवशीन?

अंकुश : पांढरे. इथं पांढरे. इथंबी पांढरे... आई म्हातारी झाली.

सरिता : ओळखलं रे मले? अगा माय! अहो, ओळखलं यानं! भेला नाही!

धम्मानंद : उगाच जीव जाळत होती तू.

अंकुश : बाबाबी म्हातारे आहे?

धम्मानंद : हो बेटा. मीबी. डायच्या खाली सारे पांढरेच आहे.

अंकुश : मंग मले आंघोळ कोण घालन?

धम्मानंद : चाल, पोहे थंडे होऊन राहिले.

अंकुश : आई, सांग ना. कोण घालन?

सरिता : मालूम नाही रे राजा. आमाले खरंच मालूम नाही.