घड्याळाचा कागद

पूर्णा स्टेशनात शेजारच्या बाकावर एक शेतकरी घड्याळजीशी बोलत होता.

“निजामाच्या काळात वडलांनी घेतलेलं विलायती घड्याळ हाय, वैजीनाथ. पोरीला, मनकर्णेला, नर्सच्या शिक्षणाला धाडायचंय, म्हणून इकायलोय.”

“पर कंपनीचा कागद हरवला न्हवं, किशनराव? गिऱ्हाईक तेच इचारतंय.”

“त्या कागदात काय ऱ्हातं?”

“उभं, आडवं, पालथं ठेवून, थंडीत अन् गरमीत, पंधरा दिवस तपासल्याचं.”

“मीबी तेच करायलोय. कधी चुलीपाशी ठेवतो, कधी रांजणापाशी. रोज चारला ठेसनात तारेनं रेल्वेचा बरूबर टाइम आला की हितं ताडून बघतो, वहीत लिवतो. आज चौदावा दिवस.”

“फरक?”

“काल आठ सेकंद मागं पडलं, बाकी दिवस दोनच्या वर न्हाई.”

“तेवढं खोडा की.”

“खोडलं तर कागद कशाचा? तेच पान आदी दाखवा गिऱ्हाइकाला.”