जाहिरातीनं आलेलं पहिलं गिऱ्हाईक

—नाही हो, भूत नाही मी. आत या, त्या स्टुलावर बसा, एक पाय डुगडुगतो त्याचा, भिंतीला टेकवून बसा. मला बघून माणूस दारातच थबकला की समजायचं, हा जाहिरात बघून आलाय. शेजारच्या चावीवाल्याचा चेहरा अगदी तुमच्यासारखाच झाला होता — आणि तो तर मला रोज बघतो! चार दिवस परगावी गेला होता, तिथं फोनवर दिसले मी, उतरला तो थेट इथं, डोळे पुसत — आणि मी आत बसून चेनला मेणबत्ती घासतेय. म्हणाला, आजी, तुम्ही? म्हटलं, मग कोण, माझी सासू?

हसा, हसा. तेव्हा मीपण हसले होते. तुमचं काम करते हो, पाच मिनिटांचं असतं, पण आधी ऐका — त्या जाहिरातीनं आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही, तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? जाहिरात केली सुनेच्या भावानं. डिजिटल का काय ते करतो. पोरगा गुणी आहे, आणि नसला तरी सुनेच्या माहेरचं माणूस, बोलायची सोय नाही. माझा लेक म्हणाला, आई, चेनी बदलून आणि पट्टे शिवून आता दुकान चालत नाही, लोक सरळ नवी बॅग घेतात — शाळा उघडायच्या तोंडावर एकदा जाहिरात करून बघू. आमचं वर्षाचं काय ते त्या तीन आठवड्यांत असतं ना, दप्तरांवर. हंगाम लागला तर ठीक, म्हणाला, नाहीतर — नुसतं शटरकडे बघितलं. मीही विचारलं नाही.

तर सुनेच्या भावानं माझा फोटो काढला, इथंच, मशीनवर. म्हणे, दुकान जुनं, तर फोटोही जुना वाटला पाहिजे — केला काळापांढरा. रिकामं दिसतंय म्हणून भोवती फुलांची चौकट. आणि खाली दोन सालं — दुकान घातलं ते, आणि हे चालू. मला अक्षर येत नाही, आकडे येतात, बॅगांना चिठ्ठ्या लावून लावून आलेत. मी बघितलं आणि म्हटलं, बाई, छान दिसतेय की मी! आता तुम्हीच सांगा — काळापांढरा फोटो, फुलं, खाली दोन सालं. लोकांनी काय समजायचं? माझ्या ध्यानात आलं का? नाही आलं. स्वतःचा फोटो बघताना कुणाच्या येतं?

चार हजार लोकांनी हात जोडले. चार हजार! भाऊ नाचत आला, म्हणाला, आजी, एवढं तर मोठ्या दुकानांनाही मिळत नाही. सून एकेक वाचून दाखवायला लागली — "फार मायाळू बाई", "असा हात पुन्हा होणे नाही" — आणि वाचता वाचता फोनच पालथा घातला तिनं. मायाळू कोणी म्हटलं, माहितीय? ती कोपऱ्यावरची शिक्षिका, दर वेळी पट्ट्यावरून माझ्याशी भांडून जायची. मेल्यावर माणसाचा स्वभाव किती सुधारतो बघा.

मग भावानं लगेच दुसरी टाकली, आजी ठणठणीत आहेत म्हणून. ती किती जणांनी बघितली? अकरा. त्यातले सहा आमच्या घरचे. मी म्हटलं, अरे, असं कसं? तर म्हणे, ते आपल्या हातात नसतं आजी, ते आतलं यंत्र ठरवतं. फोन यायचे, नाही असं नाही — कुठले कुठले, रेल्वेनं दोन दिवस लागतील असल्या गावांहून, तुमची तिकडं शाखा आहे का म्हणून! तिथला माणूस तुटलेली चेन घेऊन इथं येणारय का? आणि या गल्लीतल्या आया, ज्यांच्या पोरांची दप्तरं मी पहिलीपासून दहावीपर्यंत ओढत आणली, त्या आल्याच नाहीत. का? तर दुःखाच्या घरी फाटकं दप्तर घेऊन कसं जायचं! चांगली माणसं हो. चांगुलपणानंच नाही आली. गेली मोठ्या दुकानात, घेतली नवी. शाळा उघडून महिना झाला.

माझी जाहिरात काय होती, सांगू? हा दोरा. लाल. चेनीचा रनर बदलला की त्याला एवढासा लाल दोरा बांधून द्यायची, पोरांना ओढायला सोपं म्हणून — दुसरं काही मनात नव्हतं. पण शाळा सुटली की बघावं, पाठीपाठीवर लाल दोरे. फाटकाशी उभी एक आई दुसरीला विचारायची, कुठं बसवलीस गं? की आलीच ती माझ्याकडं. परवा मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. सगळी दप्तरं नवी. तीन दोरे दिसले. तीन. एका बाईनं मला ओळखलं आणि पोराला घट्ट पकडलं.

असो. द्या बॅग. कुठंय तुमची बॅग? — ते काय, टेप? शिंपी आहात? — मग? — दुकानाचं? माप?

अच्छा.

म्हणजे तुम्हीही फुलं बघितलीत. म्हातारी गेली, गाळा रिकामा होणार — नाही नाही, उठू नका, तुमची काय चूक, चार हजारांना जे वाटलं तेच तुम्हाला. जाहिरातीखालच्या नंबरवर फोन केलात ना? तो लेकाचा. कधी केलात? — मंगळवारी. मग तो म्हणाला असेल ना, की अहो, आई आहे माझी, बसते तिथं — नाही म्हणाला? काय म्हणाला मग?

दुपारी या. कुणी नसतं.

खरंय ते. दुपारी मी जेवायला घरी जाते. आज गुडघा दुखत होता, डबा घेऊन आले. खोटं नाही बोलला तो. तुम्हीही विचारलं नसेल. कोण विचारतं, आई आहे का म्हणून.

घ्या माप. दारापासून मशीनपर्यंत सात फूट आहे, मशीन धरून नऊ. धरू का एक टोक? — काय घालणार? फोनची कव्हरं. बरं. चालतील ती. — आणि ती खांद्यावरची पिशवी द्या इकडं, मघापासून बघतेय, चेन अडकतेय तुमची. रनर गेलाय नुसता. द्या हो, हात रिकामा ठेवून मला बसता येत नाही.

झालं. बघा, कशी लोण्यासारखी चालतेय. दोरा राहू दे, ओढायला बरा पडतो. कुणी विचारलं कुठं बसवली, तर — काही सांगू नका. निघा आता. लेकाला म्हणावं, कुणी नव्हतं.