घरातलं घड्याळ मागे पडतं

सिस्टर : मूठ घट्ट करा, काका. आणि सुईकडे बघू नका.

घड्याळवाला : बघणारच. रक्त माझं आहे. गेल्या आठवड्यात तीन नळ्या नेल्यात, आज परत हजर. एवढं लागतं कशाला?

सिस्टर : घरी डास पाळलेत.

बायको : तुम्ही मनावर घेऊ नका हो. दूधवाला, पेपरवाला, डॉक्टर, यांच्या लेखी सगळे चोर.

घड्याळवाला : दूधवाला आहेच. दीड महिन्यात दोन बदलले, तरी रात्रीचं दूध कडूच.

बायको : जीभ कडू असली की दूध काय करणार!

सिस्टर : झालं. कापूस दाबून धरा. आता डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रश्न. पाय अजून दुखतात?

घड्याळवाला : दुखतात? मनोऱ्याच्या पायऱ्या एकशे अठरा. आठवड्यातून दोनदा वर जाऊन गावाच्या घड्याळाला किल्ली द्यायची, सव्वीस वर्षं देतोय. पूर्वी एका दमात जायचो. आता साठाव्या पायरीला बसतो, नव्वदावीला परत बसतो. मांड्यांत कुणी ओली वाळू भरून ठेवल्यासारखं होतं.

बायको : गुरुवारी वरपर्यंत पोचलेच नाहीत. शनिवारी घड्याळ बंद. शाळेतल्या बाईंनी मला रस्त्यात गाठून विचारलं, घरी सगळं ठीक ना?

घड्याळवाला : आणि सोमवारी कचेरीतले साहेब येतायत बघायला. त्यांच्यासमोर किल्ली दिली नाही, तर विजेची मोटर बसवणार. मग मी काय करू? खाली उभा राहून लोकांना तोंडी वेळ सांगू?

सिस्टर : कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे?

घड्याळवाला : बंद! दीड महिना झाला. वर्षभर घेतली, पाय धरायला लागले तशी याच खोलीत, हिच्यासमोर, अख्खी स्ट्रिप कचऱ्याच्या डब्यात टाकली.

बायको : नुसती टाकली नाही, भाषण ठोकलं. समोरच्यांनी खिडकी उघडली.

सिस्टर : डॉक्टरांना विचारून बंद केलीत?

घड्याळवाला : डॉक्टर चढतात का मनोरा?

सिस्टर : बरं. आता गंमत ऐका. गोळी सोडून दीड महिना झाला की कोलेस्टेरॉल परत वर जायला हवं. गेल्या आठवड्याच्या रक्तात तुमचं गेलेलं नाही. उलट जरा आणखी खाली आलंय.

घड्याळवाला : बघा! मी काय म्हणत होतो? गोळी म्हणजे नुसती लूट.

बायको : आणि पथ्यही पाळतात ना ते.

सिस्टर : पथ्य? काकू, रक्त उपाशीपोटी द्यायचं होतं, आणि काकांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा आहे.

घड्याळवाला : एकच होतं.

सिस्टर : एकाचा चुरा एवढा नसतो. असो. दुसरी गोष्ट. स्नायूंना इजा झाली की रक्तात एक आकडा वाढतो, सीपीके म्हणतात त्याला. गोळी चालू असताना, चार महिन्यांपूर्वी, तो ठीक होता. आता पाचपट झालाय. तुम्ही गोळी घेत असता तर डॉक्टर म्हणाले असते, आधी गोळी थांबवा. पण तुम्ही तर घेतच नाही. म्हणजे दुखणं काहीतरी वेगळंच. गोळी बंद असूनही दुखत असेल तर द्या म्हणून डॉक्टरांनी ही चिठ्ठी दिलीय.

बायको : कसली?

सिस्टर : मोठ्या हॉस्पिटलची. मांडीतला छोटा तुकडा काढून तपासतील.

घड्याळवाला : तुकडा? कुणाच्या मांडीतला?

सिस्टर : माझ्या तर नाही.

घड्याळवाला : आणि सोमवार?

सिस्टर : सोमवारी तुम्ही तिथल्या खाटेवर. ही सही इथे करा.

बायको : थांबा.

सिस्टर : काय झालं, काकू?

बायको : सही करू नका म्हणते. ते गोळी घेतात.

घड्याळवाला : मी? मी कुठे... तुला कोणी सांगितलं?

बायको : सांगायचंय कुणी? मीच देते. रोज रात्री एक. दोन चमच्यांमध्ये चुरायची, साखर जास्त घालायची आणि दुधात. जुन्या चिठ्ठीवर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते.

सिस्टर : दीड महिना?

बायको : भाषण झालं त्या रात्रीपासून. यांचे भाऊ गेल्यापासून रोज दुपारी वहिनी येऊन बसतात माझ्यापाशी. एकटीनं जेवायचं म्हणून जेवत नाहीत. मला तसं बसायचं नाही कुणाच्या घरी.

सिस्टर : आणि तुम्ही उगाच दोन दूधवाले बदललेत, काका.

घड्याळवाला : हं.

बायको : अहो.

घड्याळवाला : काय?

बायको : ओरडत का नाही तुम्ही?

घड्याळवाला : ओरडायचं काय त्यात. माझ्या भल्यासाठीच केलंस.

बायको : सिस्टर, जाऊ नका, बसा तुम्ही. मीठ चिमूटभर जास्त झालं तरी हा माणूस घर डोक्यावर घेतो. आणि मी दीड महिना चोरून औषध पाजलं, तर म्हणतो भल्यासाठी केलंस? कुठेतरी पाणी मुरतंय.

सिस्टर : मुरतंय खरं. वर्षभर एकाच गोळीवर तो आकडा ठीक होता. मग आत्ताच एका गोळीने पाचपट कसा झाला?

घड्याळवाला : वय झालं.

बायको : दीड महिन्यात? आणि हे भिंतीवरचं घड्याळ? गावाची वेळ सांभाळणाऱ्याच्या घरातलं घड्याळ दीड महिना रोज सात मिनिटं मागे पडतंय, आणि मी फडकं घेऊन गेले की म्हणता, हात लावू नकोस, मी बघतो.

घड्याळवाला : नाजूक काम असतं ते. अगं, थांब, त्याचं दार उघडू नकोस, लंबक...

बायको : हे काय आहे?

सिस्टर : इकडे द्या. त्याच गोळीची स्ट्रिप. दहातल्या सहा संपल्यात. लंबकाला घासत होती वाटतं.

बायको : डब्यात टाकलेली?

घड्याळवाला : नाही. ती गेली. ही मनोऱ्याखालच्या दुकानातली. पाचवी आहे.

सिस्टर : म्हणजे रोज रात्री एक घड्याळातली आणि एक दुधातली. धन्य आहे तुम्हा दोघांची!

बायको : टाकून दिलीत ना? मग परत का?

घड्याळवाला : भाऊ कसा गेला, माहीत आहे ना तुला?

बायको : न्हाव्याच्या खुर्चीत.

घड्याळवाला : अठ्ठावन्नाव्या वर्षी. अर्धी दाढी झाली होती. स्ट्रिप टाकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी केस कापायला गेलो. न्हाव्याने तीच खुर्ची पुढे केली. त्याला काय ठाऊक, नवीन आहे तो. बसलो, गळ्याभोवती कापड बांधलं, एक बाजू कापून झाली, आणि आरशात बघतो तर भाऊच. उठलो तो तसाच औषधाच्या दुकानात गेलो.

बायको : म्हणून एक बाजू कापलेली नव्हती होय! मला वाटलं न्हावी बिघडला.

सिस्टर : पण मग सांगायचं ना काकूंना.

घड्याळवाला : समोरच्यांनी खिडकी उघडेपर्यंत ओरडल्यावर? कोणत्या तोंडाने?

सिस्टर : लघवीचा रंग कसा आहे? चहासारखा काळपट वगैरे?

घड्याळवाला : नाही. साधाच.

सिस्टर : नशीब. मूत्रपिंडांपर्यंत गेलेलं दिसत नाही. बसा दोघं, डॉक्टरांना फोन लावते.

(सिस्टर गॅलरीत जाऊन फोनवर बोलते. ती परत येते.)

सिस्टर : पोटभर ओरडा खाल्ला तुमच्या वाटचा. ऐका. गोळी आजपासून बंद, दोन्हीकडची. भरपूर पाणी प्या. आठवड्याने मी परत रक्त घेईन. तोवर मनोरा नाही. संध्याकाळी दोघांनी दवाखान्यात जायचं, एकत्र. पुढे कुठली गोळी, किती, ते डॉक्टर ठरवतील. तुकड्याचं तूर्त राहिलं. आणि ही तुमची स्ट्रिप, काकू तुमचीही, दोन्ही माझ्या पिशवीत.

बायको : माझी पिठाच्या डब्यामागे आहे. आणते.

घड्याळवाला : पिठाच्या डब्यामागे! तरीच परवा मी लाडवाचा डबा शोधत होतो तर केवढी धावत आलीस.

सिस्टर : येते मी. पुढच्या वेळी बिस्किट नाही.

बायको : सांभाळून जा. आणि... आभार हो.

घड्याळवाला : गेली?

बायको : गेली. हा घ्या चहा. कपात काय बघताय?

घड्याळवाला : काही नाही.

बायको : द्या इकडे, आधी मी पिते. घ्या. नुसती साखर आहे.

घड्याळवाला : अर्धा संपवलास.

बायको : खात्री महाग पडते.

घड्याळवाला : सोमवारी साहेबांना काय सांगू?

बायको : खरं ते. पाय आठवडाभर रजेवर आहेत म्हणा. किल्ली मी देते. किती फेरे असतात?

घड्याळवाला : ऐंशी. तू पन्नासावर सोडून खाली येशील आणि सांगशील, झाले ऐंशी.

बायको : खाली ऐकू येतं ना?

घड्याळवाला : एकेक फेरा.

बायको : मग साहेबांजवळ उभे राहा आणि मोजा.

घड्याळवाला : मोजीनच.

बायको : ठाऊक आहे मला. आता त्या भिंतीवरच्याची वेळ नीट लावा आधी.

घड्याळवाला : लावतो. आणि हे बघ, चढताना घाई करू नकोस. साठाव्या पायरीला बसायला जागा चांगली आहे.