दहाचा एक

“चारचौघांत बसलीस की मनात नाम घ्यावं, लोकांचं बोलणं ऐकू नये,” असं सासूबाई सांगायच्या. आज मी खांदेश्वरला शेअर ब्रोकरच्या ऑफिसात बसले होते. हातात माळ होती, पण कान शेजारच्या मायलेकींकडे गेले.

“दहाचा एक कसा झाला गं, संघप्रिया? नऊ कुणी खाल्ले?”

“कुणी नाही खाल्ले, आई. कंपनीनेच दहा शेअरचा मिळून एक केला. पैसा तेवढाच आहे.”

“मग मी वाटू कसा? जाताना तुझ्या बाबांनी काय सांगितलं? पाच तुला, पाच तुझ्या दादाला, संघर्षला, आणि विकायचे नाहीत. मी हो म्हणालेय.”

“अर्धा शेअर नसतो, आई. दादालाच देऊन टाक. मला नको टेन्शन.”

“तो म्हणतो, तिलाच दे. भांडताना पण तुमचं सारखंच!”

“इथले साहेब म्हणाले, एक शेअर दोघांच्या नावावर राहतो. जॉइंट खातं काढायचं.”

“मग काढू की.”

“दोघांनी इथे येऊन सह्या करायच्या असतात.”

“करा. बोलायचं नसलं तर बोलू नका.”

“दोन वर्षं मी त्याच्या दारात गेले नाही.”

“मला माहीत नाही का?”

संघप्रियाने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

“दादा आज घरी असेल?”

“सुट्टी आहे त्याची. तळोज्याला घरीच असेल.”

“तू इथेच बस. आपला नंबर आला तर थांबा म्हणून सांग.”

तिने ओढणी सारखी केली आणि बाहेर जाऊन तळोज्याची रिक्षा थांबवली.