कॅनच्या तोंडाला वल्लं फडकं

हसू नका, त्या दिवशी मी खरंच मेलो असतो. लातूर नुकताच जिल्हा झालेला, वरून दुष्काळ. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातून वळूचं वीर्य गोठवून ठेवायला वापरतात त्या द्रव नायट्रोजनचा, दुधाच्या कॅनएवढा कॅन घेऊन मी जीपनं नांदेडला निघालो होतो. आमच्या प्रयोगशाळेत एक अडेल चुंबक होता. त्यातल्या प्रत्येक अणूला शेजाऱ्याच्या उलटं तोंड करायचं असतं, पण तिघं एकमेकांचे शेजारी असले की दोघं उलटसुलट वळतात आणि तिसऱ्याला कुठंच वळता येत नाही. असला चुंबक पार गारठवला की किती उष्णता धरतो, ते मोजायचं होतं.

वाटेत लोह्याला जाणाऱ्या एक मावशी तांब्या घेऊन मागं कॅनशेजारी बसल्या. थोड्या वेळानं वळून बघतो, तर कॅनमधून निघणारी पांढरी वाफ बंद!

"मावशी, झाकणाला काय केलं?"

"वाफ वाया चालली व्हती लेकरा. वल्लं फडकं कोंबलं. लई गच्च बसलंय बघ."

फडक्याचा बर्फ झाला होता. आत वाफ कोंडली की कॅन बॉम्बसारखा फुटतो.

"गाडी थांबव! उतरा, पळा!"

ड्रायव्हर पळाला, मावशीही उतरल्या. मीही पळणार होतो, पण रस्त्याकडेलाच टँकरची वाट बघत बायकापोरं बसलेली. पळताही येईना, थांबताही येईना. त्या तिसऱ्या अणूसारखी गत. शेवटी डोळे मिटून जॅकची दांडी फडक्यात घातली आणि ते उचकटलं.

फाट्! फडकं टपावर आदळून खाली पडलं. मी मातीतच बसलो.

मावशी जवळ आल्या, फडक्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "वितळलं की तांब्यात पिळून दे बाबा. लोह्यापस्तोर प्यायला तेवढंच व्हतं."