वरचा हात

हयातीच्या दाखल्यासाठी बिरप्पांनी अंगठा टेकवला आणि यंत्राचा लाल दिवा लागला. ही तिसरी वेळ, हे मागच्या खुर्चीवर आपल्या नंबराची वाट बघणाऱ्या विजयमालाबाईंनी मोजलं होतं. मेंढरं कातरून कातरून त्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या.

"मशीन म्हनतंय, मी जित्ता न्हाय."

"आजोबा, शाईचा अंगठा द्या, नाहीतर सही करा," कारकून म्हणाला.

"शाईच द्या."

"का वो? चार वर्सं पाटीवर नाव गिरवताय की," शेजारी उभी असलेली त्यांची बायको मायाक्का म्हणाली.

"तू हात धरतीस म्हनून. लोकांत जबरदस्ती करू नगंस."

"जबरदस्ती म्हंजी काय, ठावं हाय? साक्षरता वर्गातल्या बाई म्हनल्या, फारशी शबुद हाय. जबर म्हंजी वर, दस्त म्हंजी हात."

"मग बरुबर हाय. घरात तुजाच हात वर."

"व्हय, म्हनून तर अक्षर वळनदार आलं. घ्या पेन, धरते वरनं."

पेनावर बिरप्पांचा हात होता आणि त्याच्यावर मायाक्काचा. पेन कागदावर तसंच थांबलं.

"सायेब, ती शाईची डबी मिटा. आन तू गं, हात काड. सही मी एकटा करनार."